मुलाच्या कार्डावर ‘ग्रेड ३ बी’ लिहिलंय. म्हणजे किती वाईट?

घाटंजीची_सेविका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझा धाकटा मुलगा पावणेचार वर्षांचा. त्याचं लघवीचं छिद्र जन्मापासूनच टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. डॉक्टर याला हायपोस्पेडियास म्हणतात. आंघोळ घालताना मला दिसलं होतं, पण घरचे म्हणाले मोठा झाला की होईल नीट, आणि मी गप्प बसले. वर्षातून दोनदा तपासणीचं पथक माझ्याच अंगणवाडीत येतं. दुसऱ्यांची लेकरं मी हाताला धरून पुढं करते. स्वतःचं दाखवलं तेव्हा तो तीन वर्षं ओलांडून गेला होता. पथकातल्या डॉक्टर मॅडमनीच चिठ्ठी देऊन पुढं पाठवलं.

ऑपरेशन आषाढात झालं, मोठ्या शिक्षण रुग्णालयात, योजनेतून. सात दिवस लघवीची नळी होती. सिस्टरनं दोन डायपर एकावर एक बांधायला शिकवलं, आतलं शीसाठी, आणि आतल्याला भोक पाडून नळीचं टोक बाहेरच्यात सोडायचं. ते मी नीट सांभाळलं. नळी काढल्यावर धार समोरून आली तेव्हा मी तिथंच रडले.

वीसेक दिवसांनी सकाळी तो अंगणात उभा राहून शू करत होता. खाली कोरडी माती होती. मातीत दोन डाग पडले. एक पुढं लांब आणि एक त्याच्या पायाशी, अगदी थेंबाथेंबानं. खाली बसून पाहिलं तर शिवणीजवळ, तांदळाच्या कणीएवढ्या जागेतून पाणी येत होतं.

फॉलोअपला नेलं. डॉक्टर म्हणाले फिस्टुला झाला आहे, सहा महिने थांबू आणि मग बंद करू. त्यांनी समजावलं पण गर्दी होती, मागं वीस जण उभे. घरी येऊन कार्ड वाचलं. त्यात इंग्रजीत फिस्टुला आणि पुढं ‘क्लेव्हियन-डिंडो ग्रेड ३ बी’.

ग्रेड ३ वाचून माझ्या हातापायातलं बळ गेलं. कारण सांगते. मी २००७ ला कामाला लागले तेव्हा आमच्या रजिस्टरात कुपोषणाच्या श्रेणी होत्या. वयाच्या मानानं असायला पाहिजे त्याच्या साठ टक्क्यांपर्यंत वजन उतरलं की तिसरी श्रेणी, पन्नासच्या खाली चौथी. तिसऱ्या श्रेणीचं लेकरू सापडलं की पर्यवेक्षिका, डॉक्टर, सगळे धावायचे. माझ्या पहिल्या वर्षीची तिसऱ्या श्रेणीतली एक मुलगी वाचली नाही. ते रजिस्टर बंद होऊन किती वर्षं झाली, आता सगळं मोबाईलवर भरतो, पण ‘ग्रेड ३’ म्हटलं की मला तीच मुलगी दिसते.

दुसरी गोष्ट. वॉर्डात पांढरकवड्याकडची एक बाई भेटली होती, आमचं बोलणं होतं. तिच्या मुलाचं एक अंडकोष खाली उतरलं नव्हतं म्हणून ऑपरेशन करून खाली आणलं. वर्षानं सोनोग्राफी केली तर ते वाळून बारीक झालेलं निघालं. कायमचं गेलं असं तिला सांगितलं. तिच्या कागदावर लिहिलंय ग्रेड १. तिनं मला फोटो पाठवला म्हणून कळलं.

मला हे समजून घ्यायचं आहे. तिच्या लेकराचा एक अवयव गेला तर ग्रेड १, आणि माझ्याला कणीएवढं भोक तर ग्रेड ३, हे कसं? माझ्या मुलाचं जास्त बिघडलं आहे का? आणि ‘बी’ काय? कृपया कोणी साध्या भाषेत सांगा. रुग्णालयाचं नाव विचारू नका, मला तक्रार करायची नाही.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, मी वर्धा जिल्ह्यात लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात अठरा वर्षं काम करते. ग्रेडचं डॉक्टर लोक नीट सांगतील. मी तुमच्या मुलाबद्दल बोलते.

फिस्टुला आम्ही नेहमी पाहतो. सहा महिने थांबायला सांगितलं ते बरोबर आहे, तिथली कातडी मऊ पडू द्यावी लागते. घाई केली तर शिवण पुन्हा सुटते. तोपर्यंत त्याला बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथून जोर लावायला नको. पाणी भरपूर पाजा. आणि एक काम कराच: तो शू करताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, उजेडात, बाजूनं. डॉक्टरसमोर पोरं शू करत नाहीत, घाबरतात. धार किती जाड आहे, फाटते का, जोर लावावा लागतो का, हे व्हिडिओत दिसतं. तो बालरोग सर्जनशिवाय कुणाला पाठवू नका, कुटुंबाच्या ग्रुपवरही नाही.

अजून एक. रात्री पोटात कळ येऊन लेकरू पाय आवळून किंचाळतं, नळी असताना, ते मूत्राशयाचं आखडणं असतं. ती रात्र आई जागून काढते. नळी काढेपर्यंत अशा चार-पाच रात्री होतात. फाईलमध्ये त्याची एक ओळ असते. मी माझ्या नोंदीत वेळ लिहिते, किती वाजता, किती वेळ. नव्या मुलींनाही तसंच शिकवते.

आर्णीचा_बाप

ताई, माह्या पोराले बी हेच झालं होतं. दोन वर्षं झाली. पहिल्या ऑपरेशननंतर धार दोन जागून यायची. मले तर वाटलं आता जन्मभर असंच. दुसऱ्या ऑपरेशनले पाच दिवस नळी ठेवली, मग काढली. आता पोरगं पहिलीत आहे, शाळेत बाकी पोरांसंग उभा राहून शू करते. मास्तरले बी काही माहीत नाई.

कार्डावर ग्रेड होता का नाई मले आठवत नाई. पण तुमचं वाचून मले पैसेवारी आठवली. पैसेवारी म्हणजे साऱ्या गावच्या पिकाचा सरकारी अंदाज. मागच्या साली आमच्या गावची पैसेवारी पन्नासच्या वर निघाली, म्हणजे गाव दुष्काळात नाई. माह्यं वावर नाल्याच्या काठाले, सोयाबीन सारं सडलं होतं. पैसेवारी खोटी नव्हती, पण ती साऱ्या गावाची होती, माह्या वावराची नव्हती. तसंच काही असन हे. डॉक्टरसाहेबांनी सांगावं.

बालशल्य_विदर्भ

सेविकाताई, तुम्ही जो प्रश्न विचारला आहे तो आमच्या बैठकांमध्येही निघतो, आणि त्याचं उत्तर तिथंही अवघडच जातं. मी लहान मुलांचा सर्जन आहे, मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियाच जास्त करतो. सवडीनं लिहितो.

‘क्लेव्हियन-डिंडो’ ही शस्त्रक्रियेनंतरचे बिघाड मोजायची मोजपट्टी, मूळची मोठ्या माणसांची. सर्जन क्लेव्हियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांची उदाहरणं घेऊन पहिली मांडणी केली. २००४ मध्ये डिंडो, डेमार्टिन्स आणि क्लेव्हियन यांनी ती सुधारली आणि ६,३३६ रुग्णांवर तपासून पाहिली. त्याआधी प्रत्येक सर्जन आपापल्या शब्दांत लिहायचा, ‘किरकोळ’, ‘मध्यम’, ‘गंभीर’. एकाचं किरकोळ म्हणजे दुसऱ्याचं गंभीर, मग दोन रुग्णालयांची तुलना करणार कशी? म्हणून त्यांनी ठरवलं की कोणाला काय वाटतं हे सोडून द्यायचं आणि एकच गोष्ट पाहायची: बिघाड निस्तरायला काय करावं लागलं.

ही एक गोष्ट मनात पक्की धरली की तुमचं कोडं सुटतं. काहीच विशेष करावं लागलं नाही, किंवा ताप, दुखणं, उलटी यांची नेहमीची औषधं पुरली, जखम खाटेवरच उघडून साफ केली, तर ग्रेड १. त्यापलीकडचं औषध किंवा रक्त द्यावं लागलं तर २. पुन्हा शस्त्रक्रिया, दुर्बीण किंवा सुई-नळी घालायची वेळ आली तर ३. पूर्ण भूल न देता झालं तर ए, पूर्ण भूल द्यावी लागली तर बी. जिवावर बेतून अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर ४. मृत्यू म्हणजे ५.

तुमच्या मुलाचा फिस्टुला बंद करायला पुन्हा ऑपरेशन, आणि ते पूर्ण भुलेत. म्हणून ३ बी. पांढरकवड्याच्या मुलाचं अंडकोष वाळलं, पण त्यावर करण्यासारखा उपचारच नाही. काही केलं नाही, म्हणून १. मोजपट्टीच्या नियमानं दोन्ही बरोबर आहे. आणि त्या आईच्या जागी उभं राहून पाहिलं तर ते बरोबर वाटणं शक्य नाही. मोजपट्टी करणाऱ्यांना हे दिसत होतं. घरी सोडताना रुग्णाला काही कायमचं उणेपण राहिलं असेल तर ग्रेडपुढं ‘डी’ अक्षर लावायची सोय त्यांनी ठेवली आहे. पण अंडकोष वाळतं ते हळूहळू, घरी गेल्यावर, महिन्यांनी. घरी सोडायच्या दिवशी ते अक्षर लावणार कोण? लागत नाही, आणि नोंदीत फक्त १ उरतो.

तिला माझा निरोप सांगा. एक अंडकोष चांगलं असेल तर त्याची वाढ, वयात येणं, पुढं मूल होणं, हे बहुतेक वेळा नीट होतं. दुसरं जपायचं. खेळताना मार लागू नये म्हणून काळजी घ्यायची, अचानक जोरात दुखलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं. मोठा झाल्यावर त्याला स्वतः हातानं तपासायला शिकवायचं.

आता ‘बी’. मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात खटकतं ते हे. मूत्रपिंडाच्या नळीत आम्ही कधी कधी आतून स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, घालतो. तो सरकला तर चाळीस वर्षांच्या माणसाचा सुन्न करणारी जेली लावून दुर्बिणीनं काढता येतो. तो माणूस दात आवळून पडून राहतो, ग्रेड ३ ए. तीन वर्षांच्या मुलाला असं पडून राहा म्हणता येत नाही, त्याला पूर्ण भूल द्यावीच लागते. तोच स्टेंट, तेवढंच सरकणं, आणि ग्रेड ३ बी. म्हणजे ‘बी’ हे अक्षर बिघाडाबद्दल सांगतच नाही, ते मुलाच्या वयाबद्दल सांगतं. लहान मुलांच्या मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांत तिसऱ्या ग्रेडमधलं जवळजवळ सगळं बी मध्येच जातं. मुलांसाठी ए-बी चा अर्थ नव्यानं ठरवायला हवा असं माझं ठाम मत आहे, आणि असं म्हणणारा मी एकटा नाही. (ठरल्याप्रमाणे सहा आठवड्यांनी स्टेंट काढायला भूल दिली तर तो बिघाड धरत नाहीत. पालक इथं गोंधळतात, म्हणून सांगून ठेवतो.)

सिस्टरनी मूत्राशयाच्या कळांचं लिहिलं ते वाचून थांबलो. त्याच कळा एका मुलाच्या पॅरासिटामॉलनं शमल्या तर ग्रेड १. दुसऱ्या मुलाला मूत्राशयाचं आखडणं थांबवणारं ऑक्सिब्युटिनिन दिलं तर नियम काटेकोर लावला की ग्रेड २. रडणं दोघांचं सारखंच. आमच्याकडं एक निवासी डॉक्टर ते १ मध्ये टाकतो, दुसरी २ मध्ये, आणि वर्षअखेरीस मी आकडे जुळवत बसतो.

तुमच्या मुलाबाबत अजून एक सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. अगदी बारीक फिस्टुला पहिल्या काही आठवड्यांत आपोआप मिटतात, सगळे नाही, काही. तुमच्या मुलाचा तसा मिटला असता तर तेच छिद्र, तेच मूल, आणि ग्रेड १ झाला असता. ग्रेड छिद्राचा नाही.

दुसऱ्या ऑपरेशनआधी तुमच्या डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: लघवीच्या वाटेचं पुढचं तोंड अरुंद झालं आहे का? तोंड आवळलं असेल तर लघवीचा दाब मागं साचतो आणि नवी शिवण तो दाब सोसत नाही. आधी तोंड मोकळं आहे याची खात्री करायची, मग छिद्र बंद करायचं. शेताच्या पाटाला पुढं अडलं की मध्ये बांध फुटतो, तसंच आहे. बंद करताना शिवणीवर जवळच्या मऊ पडद्याचा एक थर आणून बसवतात, म्हणजे आतली शिवण आणि बाहेरची शिवण थेट एकमेकींवर येत नाहीत.

घाटंजीची_सेविका

डॉक्टर, सिस्टर, दादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे माझ्या नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. पैसेवारीचं ऐकून ते म्हणाले, आता समजलं.

दोन गोष्टी अजून. एक, घरात सासरे म्हणतात की ग्रेड लिहिला म्हणजे डॉक्टरनं चूक कबूल केली. तसं असतं का? दोन, मी उशीर केला म्हणून हे झालं का? तीन वर्षांचा होईपर्यंत मी गप्प बसले. रात्री हेच डोक्यात येऊन राहिलं आहे. खरं सांगा, मन राखायला सांगू नका.

बालशल्य_विदर्भ

खरं सांगतो.

ग्रेड म्हणजे चुकीची कबुली नाही. नव्यानं केलेली मूत्रनलिका कातडीच्या अगदी खाली असते, मध्ये मांस नाही. सूज आली, शिवणीची एखादी जागा पातळ राहिली, तोंड थोडं आवळलं, की तिथून वाट फुटते. हात चांगला असलेल्या सर्जनकडंही फिस्टुला होतात, माझ्याकडंही होतात. उलट ज्या कार्डावर ग्रेड लिहिला आहे तिथं कोणीतरी बिघाड मोजत आहे. माझा विश्वास बसत नाही तो ‘आमच्याकडं काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यावर. पुष्कळ ठिकाणी पहिल्या ३० दिवसांतले बिघाड मोजून रजिस्टर मिटतं. फिस्टुला महिन्यांनंतरही दिसतात, तोंड आवळणं त्याहून उशिरा कळतं, आणि काही गोष्टी मुलगा वयात आल्यावरच समजतात. ३० दिवसांत पान मिटवलं की कामगिरी फार चांगली दिसते. विदर्भात तर पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत फॉलोअपला कोणी येत नाही. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सगळं मला कळतं. पण आलं नाही म्हणजे बरं आहे, असं फाईलमध्ये गृहीत धरलं जातं. माझ्याकडं मी एका मुलीला फोन करण्याचं कामच दिलं आहे. ती विचारते, धार एक आहे का दोन?

उशिराबद्दल. हे ऑपरेशन सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करणं चांगलं मानतात. मूल नळी सोसतं, त्याच्या आठवणीत राहत नाही, डायपर बांधलेलंच असतं. तीन वर्षांनंतर केलं म्हणून फिस्टुला झाला असं मी तुमच्या मुलाबद्दल म्हणू शकत नाही. कोणीच म्हणू शकत नाही. माझ्याकडं आठ वर्षांचे, बारा वर्षांचे येतात. तुम्ही तीन वर्षांनंतर आणलं, नळी सांभाळली, मातीतला दुसरा डाग तुम्हालाच दिसला. फिस्टुला तुम्ही शोधला आहे, ताई.

माझ्या सवयीतला एक बदल सांगतो. पूर्वी मीही कार्डावर फक्त ग्रेड लिहून पुढच्या रुग्णाकडं वळायचो. मग एकदा एक बाप ‘ग्रेड ३ म्हणजे कॅन्सर ना?’ असं विचारायला वणीहून परत आला. शंभर किलोमीटरच्या वर. तेव्हापासून ग्रेडखाली मराठीत एक ओळ लिहितो: ‘लघवीच्या वाटेवर बारीक छिद्र राहिलं आहे, जिवाला धोका नाही, अमुक महिन्यात बंद करू.’ पेन उचललेलंच असतं, अर्धं मिनिट लागतं. तुमच्या डॉक्टरांकडं मागा अशी ओळ. देतील.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, दुसऱ्या वेळी येताना ते दोन डायपरचं वॉर्डातल्या नव्या आईला तुम्हीच दाखवा. आमचं ऐकतात, पण आईचं जास्त ऐकतात.

घाटंजीची_सेविका

कालच जाऊन आले म्हणून लिहिते.

व्हिडिओ दाखवला, सकाळच्या उन्हात काढला होता. डॉक्टरांनी तीनदा पाहिला. तोंड अरुंद आहे का विचारलं तर त्यांनी बारीक नळी घालून पाहिली, सहज गेली, मोकळं आहे म्हणाले. मुलगा फार रडला नाही, मी त्याला कुरमुरे दिले होते. तारीख माघात दिली आहे. वेचणी उरकलेली असेल, माझी मदतनीस अंगणवाडी सांभाळेल.

मराठीत ओळ मागितली. डॉक्टर तरुण आहेत, आधी थोडे अडखळले, मग लिहिलं. ‘शिवणीजवळ लहान छिद्र. धोका नाही. माघात बंद करायचे.’ अक्षर चांगलं आहे. सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि कार्ड देवळीत ठेवलं.

पांढरकवड्याच्या ताईला रात्री फोन केला. डॉक्टरांनी सांगितलेलं एकेक करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “म्हणजे दुसरं चांगलं आहे ना?” मी म्हटलं, ते मला कसं कळणार, सोनोग्राफीचा कागद काढून ठेव. पुढच्या मंगळवारी ती यवतमाळला येते आहे. मी एसटी स्टँडवर थांबेन, डॉक्टरांकडं दोघी मिळून जाऊ.